पलीकडच्या तळ्यात पाणी होते

‘यांनी नियमच घातला होता, तळं दिसल्याशिवाय शेवटची बाटली उघडायची नाही. तळं काही दिसलं नाही, बाटली काही उघडली नाही, आणि माणूस गेला.’

हे शब्द माझ्या साडूंचे. लातूरच्या एका मंगल कार्यालयात, जेवणाच्या पंक्तीत, त्यांनी ते शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकवले तेव्हा मी त्यांच्यापासून चार पाने सोडून बसलो होतो. मी ऐकतो आहे हे त्यांना ठाऊक होते. पाव्हण्यांनी, साडूंना मी असेच म्हणतो, उभी हयात शाळेत भाषा शिकवण्यात घालवली. वाक्य कुठे तोडावे आणि कुठे थांबावे हे त्यांना चांगले कळते. शेजारच्याने घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेला उत्तर म्हणून हे लिहितो आहे.

गेला तो माझा मित्र. उदगीरचा. मोंढ्यात आयुष्यभर धान्याची आडत चालवली आणि शेवटी ती मुलीच्या हाती सोपवून मोकळा झाला. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षे एका खोलीत काढली होती. पुढे मी सरकारी खात्यात सर्वेक्षक झालो, तलावांच्या मोजण्या करीत जिल्हा पालथा घातला आणि नांदेडलाच स्थिरावलो. मला ‘लेका’ म्हणणारा तो एकटाच उरला होता. पाव्हण्यांच्या बोलण्याचा अर्थ असा की त्याला मी मारले. शब्द ते तसे वापरीत नाहीत. पण ऐकणारा पानावरून उठतो तो हेच घेऊन उठतो. मग हे बोलणे फिरत फिरत उदगीरला, त्याच्या मुलीच्या घरापर्यंत जाते. वर्षश्राद्धाचे बोलावणे मला आले नाही.

तेव्हा जे घडले ते क्रमाने सांगतो. माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्या लपवणार नाही. त्या त्या जागी सांगेन. पण जी चूक माझ्या नावावर लिहिली गेली आहे, ती माझी नव्हे.

आधी वाट सोडल्याचा आरोप. मित्र गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आम्ही ‘वाट चुकलेले वृद्ध पर्यटक’ झालो होतो. यातला वृद्ध हा शब्द मला मान्य आहे. वाट आम्ही चुकलो नाही, सोडली. आणि सोडण्यासाठीच गेलो होतो. किनवटच्या पुढे, रेल्वेचे रूळ मागे टाकून डोंगरात शिरले की तीन तळी आहेत. निजामी अमलात कोणीतरी डोंगरातल्या घळींना दगडी पाळ घालून ती बांधली. आम्ही त्यांना अलीकडचे, मधले आणि पलीकडचे म्हणत असू. त्या भागातल्या वाटा गुरांनी पाडलेल्या आहेत आणि गुरे खोऱ्यातून चालतात. तळी वर आहेत. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जायचे तर वाट सोडून डोंगराच्या सोंडेने चढावे लागते, खिंड ओलांडावी लागते, नाल्यात उतरावे लागते. दुरुस्तीच्या मोजणीसाठी मी तिन्ही तळ्यांच्या पाळीवर लेव्हलची दुर्बीण लावून उभा राहिलो होतो. निवृत्तीनंतर पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन दोनदा हा फेरा एकट्याने केला होता. माझ्या तोंडून त्याचे वर्णन ऐकून मित्राने हट्ट धरला, आणि मित्र येतो म्हटल्यावर पाव्हण्यांनी. ‘मी काय म्हातारा झालोय?’ हे त्यांचे शब्द होते. हा भाग ते पंक्तीत सांगत नाहीत.

आता नियम. तो मी घातला होता, आणि तो माझाही नाही. आमच्या मोजणीच्या तुकडीचा आहे. मोजण्या उन्हाळ्याच्या तोंडाला निघत, आणि त्या डोंगरात कोणते पाणी कधी आटेल याचा नेम नसे. म्हणून गाव सोडताना शेवटच्या हापशावर प्रत्येकाने एक बाटली भरून सॅकच्या तळाशी ठेवायची, आणि पुढचे पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत तिला हात लावायचा नाही. बाकीच्या बाटल्यांतले मनाला येईल तेवढे प्यावे. तळ्याचे पाणी चार पदरी फडक्यातून गाळून, उकळून त्या बाकीच्या बाटल्यांत भरले जाई. शेवटची बाटली फक्त हापशाची. आमच्या तिघांच्या या बाटल्या स्टीलच्या होत्या. शेवटच्या वस्तीवरच्या हापशाला मी स्वतः दांडा मारला आणि तिन्ही भरल्या. पाणी काचेसारखे होते. पाव्हण्यांनी तेव्हा त्या पाण्याची तारीफ केली होती, म्हणून ही गोष्ट ते नाकारणार नाहीत.

पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सागाची पाने गळून पडलेली, आणि त्या वाळक्या पानांवरून तीन माणसे चालू लागली की पुढचा मागच्याचे बोलणे ऐकू शकत नाही. पहिल्या दिवशी याची मौज वाटली. ऊन होते, पण सकाळच्या चालीत अंगावर आले नाही. दुपारपर्यंत अलीकडच्या तळ्यावर पोचलो. पाणी पुरते भरलेले, काठावर बगळे. मित्राने सॅक उतरवली आणि पाण्यात पाय सोडून बसण्याऐवजी तो भांडी भरायला लागला. पातेले भरले, चहाची किटली भरली, जेवणाचे डबे अजून उघडायचे होते तर त्यांची झाकणे भरली.

‘अहो शेठ,’ पाव्हणे म्हणाले, ‘तळं उदगीरला न्यायचा विचार आहे का?’

‘गुरुजी, तुमच्या लातुरात नळ कव्हा येतो ते सांगू का?’ मित्र मान वर न करता म्हणाला. ‘पाण्यापाशी आल्यावर रिकामं भांडं मला बघवत न्हाई. टँकरमागं पळून पळून डोळ्यालाच सवय लागली.’

पाव्हणे मोठ्याने हसले. त्यांच्या घरी न्हाणीघरात, जिन्याखाली, पलंगाखाली भरलेल्या घागरी असतात हे मला ठाऊक होते, म्हणून मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधले तळे लागले, आणि तिथे पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. पाणी होते, पण पाळीपासून इतके मागे सरकलेले की मी थांबून पुन्हा पाहिले. मधल्या पट्ट्यात चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यावर गोगलगाईंच्या पांढऱ्या शंखांचा खच पडलेला. एकही पक्षी नव्हता. एवढ्या पाण्यावर एकही पक्षी नसावा हे मी त्या डोंगरात कधी पाहिले नव्हते. वाऱ्याबरोबर जळक्या पाचोळ्याचा वास येत होता. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि कधी ती आग झाडाखालीच राहत नाही.

तळ्याच्या काठाने एक म्हातारी फुलांची टोपली डोक्यावर घेऊन येत होती. मी तिला विचारले, ‘मावशी, पलीकडच्या तळ्यात पाणी हाय का औंदा?’

तिने टोपली उतरवली नाही. ‘म्या न्हाई गेले,’ ती म्हणाली. ‘पर तिकडली जनावरं औंदा इकडं येईनात. दरसाली येतेत. रानडुकरं येतेत, अस्वल येतंय. औंदा एक न्हाई.’

‘का येत नाहीत?’

‘मला काय सांगून जातेत का?’ असे म्हणून ती चालू लागली. मग वळून म्हणाली, ‘म्हातारी माणसं हाव तुम्ही. जाऊ नगा.’

त्या संध्याकाळी चुलीपाशी याच एका वाक्यावर वाद झाला. पाव्हण्यांचे म्हणणे, जनावरे येत नाहीत म्हणजे तिकडे पाणी नाही. ती दुसरीकडे गेली असणार, किंवा मेली असणार. माझे म्हणणे, तिकडचे पाणी आटले असते तर ती सर्वांत आधी इथे आली असती. ज्या अर्थी येत नाहीत त्या अर्थी त्यांना तिथेच मिळते. दोन्ही अर्थ त्या वाक्यात बसत होते, हे मी आज कबूल करतो. त्या संध्याकाळी केले नाही. मित्राने आमच्या दोघांच्या पुढ्यात भाकरी टाकली आणि म्हणाला, ‘उद्या जाऊन बघू की. तळं कुठं पळून जातंय?’

परत फिरता आले असते का? आले असते. आलेल्या वाटेने दीड दिवस. पलीकडच्या तळ्यावरून मात्र उतरले की चार तासांत डांबरी सडक. हिशेब मी मांडला, आणि तिघांनी मान्य केला. हात वर करून मतदान घेतले नाही एवढेच.

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. दहाच्या आत तळ्यावर असायला हवे होतो. पण ज्या सोंडेने चढायचे ती काळी पडली होती; आग तिच्यावरून जाऊन गेलेली आणि ओंडके अजून आतून धुमसत होते. कुठेही ज्वाळा नव्हती, आवाज नव्हता. फक्त उभ्या झाडांच्या बुंध्यांतून धुराचे दोरे निघत होते. तिथून चालणे शक्य नव्हते. डावीकडच्या नाल्यात उतरून वळसा घ्यावा लागला आणि त्यात दोन तास गेले. नाल्यात वारा नव्हता. दगड दोन्हीकडून तापलेले. साडेनऊलाच पाव्हण्यांच्या बाकीच्या बाटल्या संपल्या. मित्राने आपली अर्धी बाटली त्यांना दिली, आणि ती त्यांनी उभ्या उभ्या संपवली. याला मी दोष देत नाही. मीही तहानलेला होतो.

नाला संपून खिंडीखालच्या सपाटीवर आलो तेव्हा पाव्हणे एका दगडावर बसले आणि त्यांनी मोबाइल काढला. नकाशा त्यांनी घरूनच उतरवून आणला होता.

‘इथं तळं नाहीच,’ ते म्हणाले. ‘बघा ना. मागची दोन निळी दिसतात. पुढं सगळं तपकिरी.’

‘पाव्हणं, त्या तळ्याची पाळ मी मोजली आहे. तुमचा मोबाइल तेव्हा जन्मला नव्हता.’

‘पस्तीस वर्षं झाली त्याला! तळी काय तुमच्यासारखी एका जागी बसून राहतात?’

‘गुरुजी, ह्यो एका जागी बसणारा असता तर आपुन आज घरी पंख्याखाली असतो,’ मित्र म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज नेहमीचा होता.

‘मग उघडू का शेवटची?’ पाव्हण्यांनी मला विचारले.

मी म्हणालो, ‘तळं दिसू द्या.’

हे तीन शब्द मी उच्चारले. मित्राने ते ऐकले. पाव्हण्यांच्या सगळ्या कथेचा खांब हाच आहे, आणि तो त्यांनी हवेत रोवलेला नाही. यापुढे प्रश्न एकच उरतो: माझ्या या तीन शब्दांखातर मित्र भरलेली बाटली पाठीवर घेऊन कोरड्या घशाने मेला का?

वाद वाढला. मित्र उठला, सॅक पाठीवर चढवली. ‘तुमचं चालू द्या,’ तो म्हणाला. ‘मी तवर पाणी बघून येतो.’

माझी पहिली चूक ही. ‘एकटा जाऊ नकोस’ एवढे म्हणायला हवे होते आणि मी ते म्हणालो नाही, कारण त्या क्षणी माझ्या जिभेवर पाव्हण्यांना द्यायचे एक उत्तर तयार होते आणि ते मला वाया घालवायचे नव्हते. भांडण तळ्यावरून निघाले, नकाशावर गेले, तिथून आमच्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात कोण किती दिवस दवाखान्यात बसले यावर गेले. पाव्हणे म्हणतात, दहा मिनिटे. दहा मिनिटांत खिंड चढून तळे गाठून परत येणे कोणालाच शक्य नाही. म्हणून त्यांना दहाच मिनिटे हवी असतात. मी बसलो तेव्हा पळसाची सावली माझ्या दोन्ही बुटांवर होती. उठलो तेव्हा ती बूट सोडून हातभर पलीकडच्या दगडावर गेलेली होती. तास नसेल, तर तासापेक्षा फार कमीही नसेल.

उठलो, कारण पानांचा आवाज थांबला होता. मघापासून वरच्या अंगाला, कुठेतरी, वाळकी पाने वाजत होती. ती कधी थांबली ते भांडणात कळले नाही. कळले तेव्हा त्या अख्ख्या डोंगरात काहीही वाजत नव्हते. मी हाक मारली. पाव्हण्यांनी मारली. मग आम्ही दोघे न बोलता चढू लागलो.

खिंडीच्या माथ्याच्या जरासे खाली, आमच्या बाजूला, एका धावड्याच्या बुंध्याला टेकून तो बसला होता. सॅक पाठीवरच. तोंड आमच्याकडे. कातडी तव्यासारखी तापलेली आणि घामाचा टिपूस नाही. त्याने मला ओळखले. ओठ हलले, शब्द आला नाही. उजवा हात तो पुन्हा पुन्हा मागे, सॅककडे, नेऊ पाहत होता. आम्हाला वाटले पट्टा काचतो आहे. आम्ही पट्टा सैल केला. मी माझी शेवटची बाटली उघडली आणि त्याच्या डोक्यावर, मानेवर ओतली. पाव्हण्यांनी त्यांची उघडून त्याच्या ओठांना लावली. पाणी कडेने वाहून गेले.

मोबाइलला रेंज नव्हती. पाव्हणे मदत आणायला आल्या अंगाने खाली धावले. सत्तरीला टेकलेला माणूस त्या उन्हात धावला, आणि हे मी जिथे त्यांच्याविरुद्ध बोलतो तिथे दरवेळी सांगतो. मोह वेचणारी माणसे बाज घेऊन आली. त्यांनी त्याला उचलून त्यांच्या आडवाटेने खोऱ्यातल्या त्यांच्या वस्तीपर्यंत आणले, वस्तीवरून जीप मिळाली. किनवट यायच्या आधीच तो गेला. डॉक्टरांनी ऊन आणि हृदय, दोन्हींचे नाव घेतले.

खिंडीच्या पलीकडे मी गेलो नाही. पाव्हणेही गेले नाहीत. त्या दिवशी पलीकडच्या तळ्यात पाणी होते की नाही हे आम्हा दोघांपैकी एकानेही पाहिले नाही. तळे कोरडे होते असे ते छातीठोकपणे सांगतात आणि भरलेले होते असे मी सांगतो. ते मोबाइलच्या भरवशावर, मी पस्तीस वर्षांपूर्वीच्या मोजणीच्या.

जीपमध्ये, त्याच्या चेहऱ्यावर टॉवेल ओढल्यानंतर, पाव्हण्यांनी त्याची सॅक मांडीवर घेतली. आत हात घालून स्टीलची बाटली चाचपली, कानाजवळ नेऊन हलवली.

‘भरलेली आहे,’ ते म्हणाले.

या दोन शब्दांतून पुढची सगळी कथा उगवली. मला त्यांच्या हातून ती बाटली घेऊन तिथेच उघडता आली असती. मी हात पुढे केला नाही. ही माझी दुसरी चूक, आणि तिला मी चूक म्हणतो ते सभ्यपणाने. खरे तर मी घाबरलो होतो. सॅक जशीच्या तशी त्याच्या मुलीकडे गेली.

पुढे वर्षभर मी युक्तिवाद करीत राहिलो. तो आमच्याकडे तोंड करून बसला होता, म्हणजे परत येत होता, असे मी म्हणे. दमलेला माणूस चढाकडे पाठ करूनच बसतो, असे पाव्हणे म्हणत. हात सॅककडे नेत होता, कारण त्याला काही द्यायचे होते, असे मी म्हणे. बाटली उघडायची होती, पण उशीर झाला होता, असे ते म्हणत. मी म्हणे, तासभर त्याने केले काय? ते म्हणत, दहा मिनिटे. माझे गुडघे आता तो डोंगर चढू देत नाहीत, आणि चढून तरी काय? एक पावसाळा गेल्यावर भरलेले तळे कोणत्या उन्हाळ्याची साक्ष देणार? युक्तिवादाने हे मिटणार नव्हते, हे समजायला मला मंगल कार्यालयातली ती पंगत लागली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने उदगीरला गेलो. मुलीने दार उघडले, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

‘काका, तुम्ही?’

‘बोलावलं नव्हतं ते ठाऊक आहे. पाणी नको, चहा नको. बाबाची ती बाटली आहे का?’

‘हाय,’ ती म्हणाली. ‘तशीच हाय. सॅक उघडून सगळं धुतलं, ती न्हाई उघडली. बाबांचं शेवटचं पाणी हाय ते. उघडून काय करायचं?’

‘तुला लोक काय सांगतात ते मला माहीत आहे.’

‘खोटं हाय का ते? तुम्ही म्हणला न्हवता, तळं दिसू द्या म्हणून?’

‘म्हणालो होतो.’

ती बाजूला झाली. मी आत जाऊन बसलो. देवघराशेजारच्या फळीवर ती बाटली होती, पुसून लख्ख ठेवलेली. मुलीने ती खाली घेतली आणि माझ्या हाती न देता स्वतःच्या मांडीवर धरून समोर बसली.

मी तिला तेच सांगितले जे वर लिहिले आहे. हापसा मी मारला होता आणि पाणी नितळ होते. अलीकडच्या किंवा मधल्या तळ्याचे पाणी या बाटलीत गेलेले नाही. ते गाळूनच दुसऱ्या बाटल्यांत जाई, आणि गाळायचे फडके त्या दिवशी माझ्या सॅकमध्ये होते. ‘तेव्हा बाबा खिंडीच्या अलीकडेच बसून राहिला असेल,’ मी म्हणालो, ‘तर आत हापशाचं पाणी आहे, स्वच्छ. तसं निघालं तर मी लातूरला जाऊन चार माणसांत सांगेन की पाव्हणं खरं बोलतात, माझ्या शब्दानं तो गेला. पण तो तळ्यापर्यंत गेला असेल तर त्यानं पाणी पाहिल्याबरोबर ही बाटली उघडून प्यायली असणार. आणि तुझा बाप पाण्यावरून रिकामी बाटली घेऊन परत आला नसता.’

‘न्हाई आले नसते,’ ती म्हणाली. मग बाटलीकडे बघत म्हणाली, ‘पर पिऊन झाल्यावर परत कशाला चढले असते? तिकडंच सावलीत बसले असते की. भरून कुणासाठी आणलं असतं?’

हा प्रश्न वर्षभरात मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

‘आमच्यासाठी,’ मी म्हणालो. ‘पाव्हण्यांचं पाणी संपलं होतं.’

‘आणि तुम्ही दोघं खाली काय करून राहिला होता?’

‘भांडत होतो.’

ती उठली. स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणला. बाटलीचे झाकण घट्ट बसले होते; पदरात धरून तिने ते जोर लावून फिरवले. तिने बाटली हळूच कलती केली. पेल्यात पडलेले पाणी नितळ होते.

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. लातूरची गाडी किती वाजता असेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि चार माणसांत जे बोलायचे त्याचे पहिले वाक्य मी जुळवू लागलो होतो. पेला भरला. तिने दुसरा आणला, तोही भरला. तो किंचित धुरकट वाटला, पण म्हाताऱ्या डोळ्यांचा मी भरवसा धरला नाही. मग उरलेले ओतण्यासाठी तिने बाटली पुरती उलटी केली, आणि काहीच पडले नाही. तिने बुडावर थाप मारली. खोलीत तळ्याच्या काठचा वास पसरला.

बाटलीच्या तळाशी बोटभर काळा गाळ बसला होता.